पूड एकजीव होईपर्यंत

३ जून, सोमवार
आजपासून शिस्त. ॲल्युमिनियमच्या पट्टीत खाच पाडायची, सिरॅमिकची पूड भरायची, वरून फिरतं टूल दाबून न्यायचं. धातू वितळत नाही, कणकेसारखा मळला जातो. पूड एकजीव झाली की पट्टी कठीण. संपला विषय. पीएचडीचं हे सातवं आणि शेवटचं वर्ष. गेलं वर्षही शेवटचंच होतं, पण तेव्हा शिस्त नव्हती.

५ जून
टूल टेकलं आणि निम्मी पूड माझ्या चष्म्यावर. मशीनवाले काका म्हणाले, आधी खाच वरून बंद करून घ्यायची असते. हे मला माहीत होतंच.

९ जून, रविवार
पट्टी कापून बघितली. आत आरपार बोगदा. वेग चुकला. पट्टीच वाईट असेल. बायकोची दुसऱ्या गावी बदली झाली म्हणते. घरात खोकी आलीत. बरं झालं, पसारा तरी आवरेल.

१४ जून
टूलच्या टोकाची पिन मोडली. पट्टीतच अडकली. सरांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, उत्तम. सकाळी ही म्हणाली, तू येणार आहेस की नाही, एकदाच काय ते सांग. म्हटलं, पट्टी झाली की बोलू. खोकी भरायला गेली. समजूतदार आहे.

१९ जून
नवी पिन. पूड एकाच बाजूला गोळा होते. लेकीने विचारलं, सायकल ट्रकमध्ये मावेल का? मावेल म्हटलं. कसला ट्रक, ते विचारायला हवं होतं.

२२ जून, शनिवार, संध्याकाळ
जमलं. खाचेवरून टूलच्या चार फेऱ्या मारल्या. मायक्रोस्कोपखाली पूड सगळीकडे सारखी. कठीणपणा दीडपट. काकांनी पाठ थोपटली. पट्टी रुमालात गुंडाळून घरी आलो, दोघींना दाखवायला.
खोकी नाहीत. दोघी नाहीत. चिठ्ठी आहे: ‘निघायची वेळ तुला चारदा सांगितली होती.’
तीनदाच सांगितली असेल.

२३ जून, रविवार
फोन लावला. लेकीने उचलला. कठीणपणाचा आकडा सांगितला.
“म्हणजे झालं ना, बाबा? मग आता येणार?”
म्हटलं, येणार. फक्त आणखी तीन पट्ट्या अशाच यायला हव्यात. एकीवरून काही सिद्ध होत नाही.
ती म्हणाली, उद्या शाळेचा पहिला दिवस, दप्तर भरायचंय.
शाळेचं नाव विचारायचं राहिलं. कितवीत गेली, ते बोटांवर मोजून बघितलं. पाचवी. किंवा सहावी.