चाळीस फर्नेस आणि एक धनुष्य

२२ सप्टेंबर २०१८, शनिवार, मार्कहॅम
हंटर क्लासची, म्हणजे शिकारीच्या परवान्याच्या क्लासची, फी दीडशे डॉलर. खरी किंमत: अख्खा वीकेंड, एक गिऱ्हाईक (गरम पाण्याची टाकी गळत होती, बाई माझ्यासाठी थांबली नाही) आणि माझी कंबर. खुर्च्या शाळकरी पोरांच्या.
पण ग्लेनच्या भाड्याने द्यायच्या चाळीस कॉटेजेसमध्ये घर गरम ठेवणारे नवे फर्नेस बसायचेत. हे काम नाही मिळालं तर माझी दुसरी व्हॅन विकावी लागेल. ग्लेन कामाचं बोलतो ते फक्त नोव्हेंबरात, शिकारीच्या कॅम्पवर. नुसत्या बघ्यांना तिथे थारा नाही.
बंदुकीला आणखी एक कोर्स, आणखी एक परीक्षा, मग लायसन्सची वाट बघा. धनुष्याला हा एकच क्लास पुरतो. मी धनुष्य निवडलं. नीतीचा प्रश्न आहे.

२३ सप्टेंबर
क्लासात संजय. पाना कसा धरायचा हे याला मी शिकवलं. आता स्वतःची व्हॅन घेऊन माझीच गिऱ्हाइकं पळवतो. यालाही ग्लेनचं आमंत्रण! बंदुकीचं लायसन्स आधीच काढून बसलाय. दोनशे यार्डांवरून चाप ओढायला काय लागतं? धनुष्याला मनगट लागतं. तोंडावर विचारलं, प्रभू रामचंद्र काय रायफल घेऊन गेले होते? म्हणाला, दादा, ते हरणामागे गेले आणि मग घरी काय झालं, आठवतंय ना?
उद्धट.
शिकवणारी म्हातारी बर्निस म्हणते, बंदूक की धनुष्य हा मुद्दाच नाही. जनावर तडफडता कामा नये. खात्री नसेल तर हात आवरा. बाईचा अभ्यास कमी.
पास झालो. काठावर. पाठांतर करणाऱ्यांना जास्त पडले.

१८ ऑक्टोबर, दसरा
धनुष्याची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, उदबत्ती. सीमा म्हणाली, ज्या पान्यांवर घर चालतं ते गराजमध्ये गंजतायत, त्यांना कुंकू कोण लावणार? बायकोला व्हिजन नाही. शिकारीचे पानाफुलांचे कपडे घालून दाखवले. अवंतिका म्हणाली, बाबा, यू लुक लाइक अवर ओल्ड सोफा. सोळा वर्षं हिला पोसतोय.

२७ ऑक्टोबर
बेसमेंटमध्ये सराव. बाण टार्गेटवर आपटून खाली पडतात, रुतत नाहीत. टार्गेट भिकार. रिटर्न केलं.

४ नोव्हेंबर, रात्री, कॅम्प
जेवताना सगळ्यांना धनुष्याची नीती समजावली. पाऊण तास. संजय खाली मान घालून जेवत होता. लाज वाटली असणार.

५ नोव्हेंबर
सकाळी ग्लेनने माझ्या धनुष्याला ताण मोजायचा काटा लावला. ओढ अठ्ठावीस पौंड. हरणासाठी कायद्याने एकोणचाळीस लागते म्हणे. म्हणाला, शॅरड (माझं नाव त्याला कधी नीट जमलं नाही), याने हरीण मरणार नाही, जखमी होऊन दोन दिवस जंगलात फिरेल. मी म्हटलं, दुकानातल्या पोराने ढिलं करून दिलं. मला ओढवेना म्हणून दिलं, हे सांगायची गरज नव्हती.
सगळे जंगलात गेले. मी भांडी घासली.

१० नोव्हेंबर, मार्कहॅम
संजयच्या टप्प्यात हरीण आलं होतं. अर्धं झाडाआड, म्हणून त्याने गोळीच झाडली नाही. भित्रा. ग्लेनला तेच आवडलं. चाळीसच्या चाळीस फर्नेस त्याला.
आज त्याचा फोन. दादा, एकट्याला झेपणार नाही, याल का? मी याच्या हाताखाली? विचार करून सांगतो म्हटलं.
सोमवारी सातला निघायचंय. व्हॅन तो चालवणार.