डांबराच्या गोळ्या

माय, तुझं बरोबर होतं. एवढं एकच वाक्य लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही लिहितोय.

मी सात वर्षांचा असेन. अल्लीपूरला मामाच्या लग्नात तू मला पेटीतला स्वेटर घातला होतास. चौथ्या दिवशी माझे डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. सगळे कावीळ म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात तोच स्वेटर निघाला आणि पुन्हा तेच झालं. तू स्वेटर नाकाशी धरलास, पेटीतल्या पांढऱ्या डांबराच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्यास आणि साऱ्या घराला बजावलंस, "माह्या पोराले या गोळ्या चालत नाई. काऊन ते मले नाई माईत." नंतर कोणाच्या घरी गेलं की तू आधी कपाटाचा वास घ्यायचीस. लोक हसायचे. मी कॉलेजात गेलो तेव्हा पाहुण्यांसमोर तुला म्हणालो, "अडाण्यासारखं बोलू नको." तू शांतपणे म्हणालीस, "तू शिकला हायस, बाप्पा. पण रंग तं म्याच पाह्यला न."

आता ऐक. वर्ध्याच्या आमच्या प्रयोगशाळेत एका शेतमजुराचं रक्त आलं. दोन महिन्यांपूर्वी हिवतापाच्या गोळ्या घेऊन तो पिवळा पडला होता. अशा रक्तात आम्ही एक रसायन मिसळतो, चार तास उबेला ठेवतो, मग जांभळा रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघतो. ज्या लाल पेशींना त्या रसायनाचा मारा सोसत नाही, त्यांच्या कडेला जांभळे ठिपके उठतात. अशा पेशी पुढे फुटतात. शेजारी तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं. नेहमी देणारा सहकारी रजेवर होता, म्हणून मी माझंच काढलं.

मी बघतोय तर दोन्ही काचांवर ठिपकेच ठिपके! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम वाकून बघतात, म्हणतात, "काऊन, नळ्या बदलल्या काय?" मी पुन्हा केलं. या वेळी त्यांचंही रक्त घेतलं. त्यांच्या पेशी स्वच्छ. माझ्या पुन्हा तशाच. माय, मी खुर्चीवरून उठून अक्षरशः टाळी वाजवली! मॅडमना वाटलं, घाबरलो. मी सांगत सुटलो : स्वेटर, पेटी, गोळ्या. त्या म्हणाल्या, डांबराच्या गोळ्यांनीही अशाच पेशी फुटतात. रक्तातला हा दोष मुलग्याला आईकडूनच येतो.

आणि बापाकडून मुलीत जातो. तुझी नात, माझी लेक, उद्या बाळंतपणाला येतेय. घरी धावत आलो. सेलूच्या माझ्या सासरवाडीहून बाळासाठी गोधड्यांचं गाठोडं आलं होतं. उघडलं तर आत गोळ्या! बायको ओरडली, "काय करून राह्यले? आत्ताच तं घडी घातली!" मी सगळं सांगितलं. ती लगेच एकेक गोधडी झटकू लागली. आम्ही दोघांनी सगळ्या धुऊन उन्हात घातल्या. बाळ जन्मलं की त्याचं रक्त तपासायचं ठरलंय. शेतमजुरालाही बोलावून कोणत्या गोळ्या टाळायच्या ते लिहून दिलंय.

एक राहिलं. मॅडमनी नोंद करताना विचारलं होतं, "लहानपणी हे पहिल्यांदा ध्यानात कोणाच्या आलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "गावातल्या डॉक्टरांच्या." त्यांनी तसंच लिहिलं. मी अजून दुरुस्त केलेलं नाही.