कासाची काच आणि फितोयचं स्टूल

हारो, इलोइलो
१४ ऑक्टोबर

आदरणीय मानोंग पानियो यास,

थोरल्या भावाचा मान म्हणून तुझा हात इथूनच माझ्या कपाळाला लावून घेते. तुझी बोट या घडीला कुठल्या समुद्रात आहे ते देवाला आणि तुझ्या कंपनीला ठाऊक, पण जिथे असशील तिथे खुशाल असशील असं धरून चालते. गुडघा कसा आहे? रक्तदाबाचं औषध रोज घेतोस, की चक्कर आली की घेतोस? इथे सगळं ठीक. माझी साखर ताब्यात आहे (म्हणजे मी तपासलेली नाही). वहिनी अजून बाकोलोदला तिच्या आईपाशीच आहे आणि तुझी गाडी त्यामुळे अजून माझ्यापाशी. शेजारच्या नेलियाचा नवरा सिंगापूरला तुझ्याच बोटीवर चढणार आहे, त्याच्या हाती हे पत्र आणि बिस्कोचोचा डबा देते. आधी डबा उघड, चारपाच खा, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

गाडी उत्तम आहे. हे वाक्य मुद्दाम आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे जे येणार आहे ते वाचताना तुला या वाक्याकडे परत येता येईल. तुझा मागचा मेसेज मिळाला. ज्या माणसाला गाडीतला एक छर्रा सांभाळता येत नाही त्याला मी माझ्या इंजिनपाशी उभा करणार नाही, महिनाअखेर एजन्सीला तसं कळवतो, असं तू लिहिलंस. मानोंग, तेवढं कळवू नकोस. फितोय गुम्बानने तुझ्या बोटीवर फिटरच्या जागेसाठी अर्ज केलाय, त्याची वैद्यकीय तपासणी झाली आहे, थोरल्या मुलीला नर्सिंगला घालायचं त्याने याच नोकरीच्या भरवशावर ठरवलंय, आणि सगळं चीफ इंजिनिअरच्या, म्हणजे तुझ्या, एका शब्दावर अडलंय. तो शब्द लिहिण्याआधी माझी हकीकत सगळी वाच. लांब आहे. मी चौतीस वर्षं शिकवलंय, मला थोडक्यात सांगता येत नाही.

सुरुवात ऑगस्टात झाली. रविवारची प्रार्थना आटोपून मी चर्चसमोर गाडी मागे घ्यायला गेले, तर मागचा गिअर टाकल्यावर गाडी विचार करू लागली. पहिल्या रविवारी एक अख्खी ‘अवे मारिया’ म्हणून होईपर्यंत तिने विचार केला आणि मग निघाली. पुढच्या रविवारी तीन झाल्या. तिसऱ्या रविवारी मी प्रार्थना मोजायची सोडून पाय जरा जास्त दाबला, आणि गाडीने एकदम मनावर घेऊन मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीच्या टेबलापर्यंत मजल मारली. (म्हातारी ठीक आहे. मेणबत्त्या मी विकत घेतल्या. वर्षभर वीज गेली तरी मला चिंता नाही.)

तुझी सक्त ताकीद होती, की कासाशिवाय, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या शोरूम-गॅरेजशिवाय, गाडीला कुणाचा हात लागता कामा नये, जिथून घेतली तिथेच दुरुस्त व्हायला हवी. म्हणून मी मुकाट्याने कासात गेले. कासाला मी नावं ठेवणार नाही. तिथे थंडगार हवा असते, कॉफी फुकट असते, दोन प्रकारची बिस्किटं असतात आणि लेमुएल नावाचा एक नम्र तरुण असतो, जो दर चार शब्दांनी ‘मॅम’ म्हणतो. गाडी आत गेली आणि मधे एक मोठी काच आली. काचेच्या पलीकडे हातमोजे घातलेली माणसं, अलीकडे मी आणि बिस्किटं. तासाभराने लेमुएलने हसतमुखाने कागद पुढे केला. गिअरबॉक्स गेला होता. तीन लाख बारा हजार पेसो. मी आणखी एक कॉफी घेतली, कारण आता ती फुकट वाटेनाशी झाली होती.

पण मानोंग, आकड्याने मी घाबरले त्याहून जास्त मला कुतूहल वाटलं. तुला माझा स्वभाव माहीत आहे, लहानपणी आईचं घड्याळ कुणी उघडलं होतं तेही माहीत आहे. मी लेमुएलला विचारलं, की गिअरबॉक्समधलं नेमकं काय मोडलंय?

“मॅम, गिअरबॉक्स.”

“ते कळलं रे. पण त्याच्या आतलं काय?”

“आम्ही आत उघडत नाही, मॅम. जुना काढतो, नवा बसवतो. सीलबंद येतो. वर्षभराची हमी.”

“मग जुन्याला काय झालं होतं ते कोण बघतं?”

त्याने जरा विचार केला. “कुणीच नाही, मॅम.”

हे ‘कुणीच नाही’ दोन दिवस माझ्या डोक्यातून हलेना. अकरा वर्षं जी वस्तू आपल्या पायाखाली फिरतेय ती मरते आणि तिचं पोट उघडूनसुद्धा कुणी बघत नाही. बेडूकसुद्धा आम्ही उघडल्याशिवाय टाकला नाही कधी. मला काचेपलीकडे जाऊन निदान बघू दे, असं मी त्याला म्हटलं. तेव्हा विम्याचा नियम आड आला.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी गाडी हळूहळू, मागचा गिअर न टाकता (म्हणजे दोनदा अख्ख्या ब्लॉकला वळसा घालून) ला पास भागात नेली, फितोयच्या पत्र्याच्या शेडमध्ये. फितोय तुला आठवतोच. हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला माझ्या वर्गात असलेला, शाळेच्या तराजूचं वीस ग्रॅमचं पितळी वजन हरवणारा. एकच तराजू होता आणि त्याचं तेच वजन गेलं. कुणाकडे होतं म्हणून मी वर्गाला विचारलं, सगळे गप्प, तेव्हा हा उठला आणि म्हणाला, “माझ्याच हातून गेलं असेल, मॅम.” त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने ‘निष्काळजी’ लिहिलं आणि विज्ञानात नापास केलं. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. नंतर त्याने बाहेरून परीक्षा दिली, वेल्डिंग शिकला, सगळं केलं, पण प्रगतिपुस्तक मागणाऱ्या कासाने त्याला कधी आत घेतलं नाही. तू त्या वेळी सुट्टीवर घरी होतास, जेवताना मीच तुला ते वजन-प्रकरण सांगितलं होतं. चोवीस वर्षांनी तुझ्या मेसेजात त्या वजनाचा उल्लेख आहेच. तुझी स्मरणशक्ती नको तिथे फार चांगली आहे.

फितोयने पहिली गोष्ट काय केली असेल, तर मला बसायला स्टूल दिलं. बाहेर नाही, आत, टेबलाशेजारी. आणि गिअरबॉक्स माझ्या डोळ्यांसमोर उघडला. काय सांगू तुला (तू जहाजाचं इंजिन रोज बघतोस, तुला हसू येईल), आत पातळ चकत्यांवर चकत्या, आणि खाली एक धातूची पाटी, तिच्यात नागमोडी चर, चरांतून तेल फिरतं आणि ते तेलच ठरवतं कुठला गिअर पडायचा. वाटेत पोलादी छर्रे बसवलेले, हरभऱ्याएवढे. तेल इकडून आलं तर छर्रा वाट अडवतो, तिकडून आलं तर सोडतो. पास्कलचा नियम मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिला, आणि पहिल्यांदा पाहिला तो मी नापास केलेल्या मुलाच्या टेबलावर. मला भरून आलं, हे कबूल करते. फितोयला वाटलं पेट्रोलचा वास चढला.

जळल्या होत्या फक्त काही चकत्या आणि कडक झाली होती दोन रबरी कडी. मी विचारलं, मग कासात तीन लाख का? तो हात पुसत म्हणाला, “त्यांचं चुकत नाही, मॅम. छप्पर गळालं तर ते नवं घर बांधून देतात, आणि ते पुढचं वर्षभर गळणार नाही असं लिहून देतात. मी चढून गळका पत्रा शोधतो. कधी सापडायला चार दिवस लागतात.” एकूण अठ्ठावन्न हजार सांगितले. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर पैशांसाठी निम्मं, आणि रोज येऊन बघायला मिळेल म्हणून निम्मं.

रोज गेलेच. जाताना आइस्क्रीमच्या डब्यात इबोस, पानात गुंडाळलेले चिकट भाताचे, न्यायचे, सगळ्यांना वाटायचे. आपल्याकडे आइस्क्रीमचा रिकामा डबा कोण टाकतो. फितोयच्या टेबलावरही तसेच दोन डबे होते. एकात काढलेले जुने भाग, जे नियमाप्रमाणे मालकाला परत द्यायचे (नाहीतर मालक म्हणेल बदललेच नाहीत), आणि दुसऱ्यात पुन्हा बसवायचे चांगले भाग. आणि मग तो दिवस आला ज्याचा तुला मेसेज गेला. जोडणी करताना फितोयने छर्रे मोजले. सात हवेत, सहा निघाले.

तीन दिवस गाडी उघडी पडली. फितोय गुडघ्यांवर बसून अख्खी शेड चाळत होता, लोहचुंबकाला दोरी बांधून गटारात सोडत होता. त्या मापाचा छर्रा सुटा मिळेना. कासाला विचारलं तर लेमुएल म्हणाला, अख्खी पाटी घ्यावी लागेल, नव्वद हजार, मॅम. शेजारच्या टायरवाल्याने ऐकू जाईल असं म्हटलं, की म्हणून म्हाताऱ्या बायकांनी कासात जावं. मी तापले आणि तुला तो मेसेज पाठवला. फितोय सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, “माझ्याच हातून गेला असेल, मॅम. नव्वद हजार मी भरेन.” चौथ्या दिवशी सकाळी छर्रा हवेच्या पंपाखाली सापडला. दुपारी गाडी जोडून झाली. आता मागचा गिअर टाकला की ‘अवे’सुद्धा म्हणून होत नाही.

तेव्हा हरवलेली वस्तू शोधून काढणारा माणूस तुझ्या बोटीला हवाच, एवढं ध्यानात घे आणि एजन्सीला होकार कळव. गुडघ्याला तेल चोळत जा. सगळ्यांना माझे आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
बिसिंग

ता. क. हे पत्र काल इथेच संपवलं होतं. पण पाकीट चिकटवताना हात थांबला. छर्रा माझ्या पर्समध्ये होता. इबोस वाटताना मी टेबलावरचा डबा उघडला, तो जुन्या भागांचा समजले, म्हणजे माझाच माल, आणि त्यातला सगळ्यात सुंदर छर्रा जपमाळेशेजारी ठेवायला उचलला. पास्कलची आठवण म्हणून. डबा दुसरा होता. तो हरवल्याचा गलका झाला तेव्हा मला काही सुचलंच नाही, मी स्वतःसुद्धा खाली वाकून शोधत होते. चौथ्या दिवशी चर्चमध्ये जपमाळ काढली तेव्हा तो हाताला लागला. मी जाऊन तो हळूच पंपाखाली सोडला. सांगायचं धैर्य झालं नाही. टायरवाला उभा होता.

ता. क. २. फितोयनेच तो उचलला. पुसला, नाकाजवळ नेला. माझी निलगिरी तेलाची बाटली पर्समध्ये कायम गळते हे तुला माहीत आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, “मॅम, याला सर्दी झाली होती वाटतं.” मग मोठ्याने सगळ्यांना म्हणाला, “सापडला रे, माझाच बावळटपणा,” आणि कामाला लागला. आजतागायत त्याने कुणाला सांगितलेलं नाही. मी तुला सांगतेय.

ता. क. ३. होकार कळव, पण जमलं तर रुजू व्हायची तारीख फेब्रुवारीनंतरची घे. तुझ्या गाडीतली थंड हवा बंद पडत चालली आहे, कासाने पंचाऐंशी हजार सांगितले आहेत, आणि आत काय बिघडलंय ते मला बघायचं आहे.

ता. क. ४. सकाळपासून ते वीस ग्रॅमचं वजन डोक्यात घोळतंय. त्या वर्षी प्रयोगशाळा मीच आवरायचे. कपाटावरून जुन्या पर्सा खाली काढल्या आहेत. काळीत बसची तिकिटं निघाली, लाल रिकामी आहे. त्या वर्षी मी तपकिरी वापरत होते. ती समोर टेबलावर आहे, हलवली की आत काहीतरी वाजतं. उघडलेली नाही. तू एजन्सीला होकार कळवलास की मला एक ओळ लिही, मग उघडेन.