तुमची बहीण धर्म शिकते आहे

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग उभ्याउभ्याच समजून घ्यावा.) तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला आता बरा असावा. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काही नाही. तुमची बहीण घर सोडून जाणार, असा मला दाट संशय आहे.

निवृत्त झाल्यावर तिने विद्यापीठात जगातल्या धर्मांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा मीच हौसेने दप्तर आणून दिलं होतं. नुसती पूजा-प्रार्थनांची माहिती घरी येत होती तोवर मीही गप्प होतो. पण हल्ली संन्यासाचा पाठ चालू आहे. बहुतेक धर्मांत कोणी ना कोणी घर सोडून गेलेलं आहेच, दादा, आणि जाताना घरच्यांना विचारल्याचं कुठे दिसत नाही (मी तिची पुस्तकं चाळली). तेव्हापासून तिचं वागणंच बदललंय. ओला टॉवेल गादीवर टाकला, ती बघून पुढे गेली. नळ टपकता ठेवला, तिने मुकाट्याने बंद केला. पाहुण्यांना मी तोच जुना किस्सा पुन्हा सांगितला, तोही चुकीचा, तरी ही नुसती मंद हसली! एवढ्या संसारात असलं हसू मी पाहिलेलं नाही. मायेचे पाश तुटले की माणूस असंच हसत असणार. मी दाराला कुलूप लावून किल्ली उशीखाली ठेवायला लागलो.

शेवटी काल तिच्या मागोमाग गेलो आणि टोपी डोळ्यांवर ओढून वर्गात मागच्या बाकावर बसलो. शिकवणाऱ्या बाई (वयाने आपल्या मुलींएवढ्या) विचारत होत्या, आठवडाभर आपली सर्वांत आवडती गोष्ट सोडायची आहे, घरी न सांगता, तर कोणी काय सोडलं? कोणी चहा सोडला होता, कोणी फोन. मग तुमची बहीण उभी राहिली. मी टोपी आणखी खाली ओढली.

"मी आमच्या ह्यांच्या चुका काढणं सोडलंय," ती म्हणाली. "जीव जातोय हो बाई. घर परक्याचं वाटायला लागलंय."

वर्ग हसला. मला मात्र एकदम भरून आलं आणि मी जोरात नाक ओढलं. तिने मान न वळवताच ओळखलं.

"रुमाल डाव्या खिशात ठेवलाय, बाहीला पुसू नका!"

झालं, आठवडा संपायच्या आत व्रत मोडलं. दादा, ओरडा खाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता. बाईंनी मग मलाही विचारलं, आलाच आहात तर तुम्ही काय सोडाल? मी सर्वांसमक्ष सांगितलं, संशय.

तेव्हा काळजी नसावी.

आपला,
तुमच्या बहिणीचा (सध्या तरी) नवरा

ता. क. पत्र तिने वाचलं आणि भराभर चुका काढल्या. फार बरं वाटलं.

पुन्हा ता. क. (ती बाहेर पडल्यावर, घाईने.) आज वर्गाला जाताना ती पुन्हा तशीच मंद हसली. आता कोणता पाठ चालू आहे, ते तिला फोन करून सहज विचारावं. माझं नाव घेऊ नये, मी संशय सोडलेला आहे. किल्ली उशीखालीच आहे.