भिंतींना गाद्या

३ नोव्हेंबर, सोमवार

घुमतंय! नुसतं घुमतंय!

निवृत्त झालो की मोठे स्पीकर घ्यायचे, हे माझं पंचवीस वर्षांचं स्वप्न. काल आले. दुकानात सोन्यासारखे वाजत होते. घरी मागच्या खोलीत लावले, तर कव्वालीवाला विहिरीत उतरून गातोय असं वाटतं. तबला कुठला, टाळ्या कुठल्या, काही पत्ता नाही. शब्द तर एकही सुटा येत नाही.

सुकेशनीनं बायकोच्या हक्कानं सांगितलं, "मंग देऊन टाका परत."

परत कशाला? मोबाईलवर दिवसभर वाचलं. दोष स्पीकरचा नाही, खोलीचा. आणि खोली बांधली कुणी? मीच! पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला अभियंता. कालव्याला घालावं तसं काँक्रीट घातलंय घराला. वर स्लॅब, खाली टाईल्स, भिंती काचेसारख्या गुळगुळीत. अख्ख्या परभणीत एवढं टणक घर नसेल, असं मीच पाहुण्यांना सांगत फिरायचो.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज टाळ्या वाजवत घरभर फिरलो. टाळी वाजवायची आणि आवाज किती वेळ रेंगाळतो ते ऐकायचं—सोपी परीक्षा आहे. मागच्या खोलीत टाळीमागून टर्रर्र येतं. समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत बसतात. हॉल तर त्याहून वाईट.

सुकेशनी स्वयंपाकघरातून—"डास मारायलात का?"

आई हॉलमध्ये बसली होती. तिच्या पाठीमागे वाजवली तर दचकून वळली. म्हणजे ऐकू येतं की! मग आपण बोललेलं का कळत नाही? काहीही विचारा, "हां हां, बरं." संपलं. दोन वर्षांपूर्वी गावाकडून, वालूरहून आणलं तेव्हा अशी नव्हती. तिथल्या मातीच्या घरात गल्लीभर गप्पा चालायच्या. कानाचं मशीन करून आणलं, ते ड्रॉवरमध्ये पडलंय. "त्यात नुस्ता गलका हाय," म्हणते.

आणि दर आठ दिवसांनी एकच—"मला वालूरला सोड."

आणि आपणच पुढे, "करमत न्हाई."

तिच्यासाठी वेगळी खोली काढली, लागूनच बाथरूम दिलं. एकटीनं वालूरला राहायचं हे वय आहे का? मला वाईट वाटतं. रागही येतो. पण आणखी किती दिवस अडवून धरणार? संक्रांतीनंतर सोडतो म्हणालोय. "हां हां," म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

अंड्याचे ट्रे! एका व्हिडिओत पाहिलं. एकशे वीस ट्रे आणले. जिंतूर रोडवरचा अंडीवाला म्हणाला, "साहेब, पोल्ट्री टाकली काय?" दिवसभर चिकटवत बसलो. सुकेशनी दारात उभी राहून हसत होती. "आता कोंबड्या कवा आणायच्या?"

टाळी वाजवली.

टर्रर्र.

१० नोव्हेंबर, सोमवार

ट्रे काढले. रंगही निघाला सोबत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आवाज प्यायला जाड, मऊ काहीतरी पाहिजे. मोठ्या शहरांत त्यासाठी खास लोकर मिळते म्हणे. अरे पण आपण राहतो कुठे? सगळा जिल्हा कापसानं पांढरा झालाय आणि मी लोकर कुठं शोधतोय!

मैनोद्दीन गादीवाल्याकडे गेलो. दोन फूट बाय चार फुटांच्या चौकटी, चार इंच जाड, आत पिंजलेला कापूस, वरून मांजरपाट. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"साहेब, किती माणसं झोपनार?"

"कुणीच नाही. भिंतीला लावायच्या."

"भिंतीला?" दुकानातल्या पोराला त्यानं पिंजण्याचं यंत्र बंद करायला लावलं. बहुतेक नीट ऐकू आलं नाही असं वाटलं त्याला. "साहेब, भिंत कधी झोपती का?"

१६ नोव्हेंबर, रविवार

मैनोद्दीन कापूस घेऊन घरीच आला. मागच्या खोलीत चौकटी भरणं चालू. नाकात, चहात, सगळीकडे कापूस!

आणि आई आली! आपणहून, काठी टेकत. खाली बसली, मूठभर कापूस उचलला, बोटांत ओढून पाहिला.

"फरदड हाय ह्यो."

मैनोद्दीन ओशाळला. "गेल्या सालचा राहिला होता, अम्मा." फरदड म्हणजे हंगाम सरल्यावरची वेचणी, तोकड्या धाग्याची. आईला डोळे मिटून कळतं. चाळीस वर्षं लोकांचा कापूस वेचलाय तिनं. एका ओळीत ती, शेजारच्या ओळीत दगडाबाई. वालूरच्या शिवारात दोघींची जोडी ठरलेली. मग आई संध्याकाळपर्यंत तिथेच बसून कापसातली सरकी आणि पालापाचोळा काढत होती. किती दिवसांनी तिचे हात असे चालताना पाहिले!

दगडाबाईचं नाव लिहिलं आणि ते आठवलं. मागच्या डिसेंबरात ती गेली. तिच्या मुलाचा, रामचा फोन आला होता. मी हॉलमध्ये आईला सांगितलं—घसा खाकरून, मोठ्यानं. "हां हां, बरं," म्हणाली आणि चटणी मागितली. सुकेशनी आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. मातीला मी एकटाच जाऊन आलो. वयानं माणसाचं काळीज आटत असेल, असं धरून चाललो. पुन्हा तो विषय काढायची हिंमत झाली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

झालं! भिंतींना आठ चौकटी, मागे दोन बोटं जागा सोडून. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत कापसाचे लोड—घुमारा तिथेच दबा धरून बसतो. छताला एक गादी टांगली. खाली जाड सतरंजी. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, म्हणजे खोली अगदीच मुकी होत नाही.

टाळी वाजवली. टप्. बस्स!

मग कव्वाली लावली. अहाहा! तबला डावीकडे, टाळ्या मागे, गाणारा बरोबर मधे, आणि शब्द न शब्द वेगळा. दुसऱ्या कडव्याआधी पेटीवाला हळूच खाकरतो! तीस वर्षं ऐकतोय ही कॅसेट, ह्या माणसाला सर्दी झाली होती हे मला आज कळलं! सुकेशनीला हाका मारून बोलावलं. ती पाच मिनिटं बसली, हसली आणि म्हणाली, "आता खरंच छान लागायलंय हो."

आज मी जगातला सगळ्यात सुखी अभियंता आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी आतच चहा घेत होतो. गाणं बंद होतं. आई मागे कपाटाजवळ खुर्चीवर बसलेली. मी सुकेशनीला हळूच म्हणालो, "आज साखर जास्त झालीय."

पाठीमागून आई—"मीच घातली. रोज कप तोंडाला लावला की तोंड वाकडं करतूस."

सुकेशनीचा कप हवेतच राहिला.

मग मी मोजूनच पाहिलं. सहा फुटांवरून. दहा फुटांवरून. पाठ फिरवून. आवाज पाडून. "आई, पिंगळीची आत्या आली होती काल." "कवा? मला का न्हाई उठवलं?" प्रत्येक वेळी बरोबर उत्तर! तिला हॉलमध्ये नेलं, तेच वाक्य मोठ्यानं बोललो—"हां हां, बरं."

कान वयानं कमी झालेत, ते खरंच. पण हॉलमध्ये एका शब्दावर दुसरा चढतो, दुसऱ्यावर तिसरा. कव्वालीचं जे होत होतं तेच. मातीच्या घरात सगळा घुमारा भिंती पिऊन टाकायच्या, म्हणून तिथं तिला ऐकू यायचं. दोन वर्षांत मी तिचे कान तीनदा तपासून आणले. घर एकदाही तपासलं नाही. माझी मला लाज वाटली.

ड्रॉवरमधलं मशीन काढून कानात बसवलं. काढलं नाही तिनं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवसांत गाणं एक. तेही अर्धं! सगळं घर मागच्या खोलीत भरतंय. भाजी तिथेच निवडतात, जेवण तिथेच. मैनोद्दीन स्वतःचं काम बघायला आला आणि तासभर आईजवळ बसला. सुकेशनीला माझ्या लहानपणीच्या भानगडी कळल्या. लिंबाच्या झाडावरून पडलो तीसुद्धा. आणि दोघी मिळून हसायल्यात मला! हसू देत.

मधेच आई म्हणाली, "तुमी दोन वर्सं माझ्याशी बोलत का न्हवता?"

"बोलत होतो की ग आम्ही!"

"नुस्ती तोंडं हलायची. मला वाटायचं, आपसातच बोलायलेत. म्हातारीचं काय काम हाय हितं."

सुकेशनी उठली आणि तिचे पाय चेपत बसली. मी कोपऱ्यातला लोड उगीचच सारखा केला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आईची खाट आत घेतली. स्पीकर हॉलमध्ये गेले. घुमू देत!

खाटेवर बसून तिनं खोलीभर नजर फिरवली. "ऱ्हाते मी आता हितंच," म्हणाली. मी नव्या कॅलेंडरवर केलेली संक्रांतीनंतरची खूण खोडली. सुकेशनीनं शिरा केला. आईनं दोनदा घेतला. फार फार आनंदाचा दिवस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आई म्हणाली, "ऱ्हायचं तर हितंच. पन एकडाव वालूरला न्हेऊन आन. दगडाबाई वाट बघत आसंल. लय दिस झाले, तिला सांगून बी आले न्हाई मी."

तिला गेलंच नव्हतं ऐकू.

दार लावून घेतलं. सुकेशनी तिचा हात धरून बसली. एकदाच सांगितलं, हळू आवाजात.

ऐकू आलं.