चुकीचा गप्पीदास

प्रिय गप्पीदासा,

हो, चाळिशीला टेकलास तरी मी तुला हीच हाक मारणार! फोनच करणार होते, पण नुसती किंचाळले असते आणि तुला वाटलं असतं काहीतरी वाईट घडलंय. तसं काही नाही रे! दुकानाचं शटर अर्धं ओढलंय, चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारल्यात आणि काउंटरवरच लिहायला बसलेय.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे तुला माहीतच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांच्याशी बोलत राहा, कधीतरी फुटेल. म्हणून मी दिवसभर टकळी चालवते आणि ते नुसते बघतात. तू तर फोन करणंच बंद केलंस. पलीकडची ती शांतता सोसत नाही म्हणालास. मला तरी कुठे सोसते रे?

आज सकाळी त्यांची खुर्ची मागच्या खोलीच्या खिडकीशी नेली. पलीकडच्या माळावर गवत चांगलं कमरेएवढं झालंय. एका काडीच्या अगदी शेंड्यावर एक चिमुकला पक्षी! तपकिरी, पाठीवर रेघा, छाती किंचित नारिंगी. मी दुर्बीण लावली आणि ठणकावून सांगितलं, बाबा, तिरचिमणी! त्यांच्या कपाळाला आठी पडली. आठवतं ना, आपल्याला कसे दटावायचे? आधी पाखरू बसतं कसं ते बघा, रंगाचं नंतर. तिरचिमणी जमिनीवर तुरुतुरु पळते. आणि हे ध्यान ताठ बसून शेपटी उडवत होतं. मध्येच खाली झेप, चोचीत किडा, की परत त्याच काडीवर! वर दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा आवाज, टक्‌ टक्‌. तरी मी आपली हटून, तिरचिमणीच! चष्मेवाल्याची लेक, आणि डोळे असे!

बाबांनी डाव्या हाताने खुर्चीवर थाड्‌कन थाप मारली. आणि अरे, शब्द फुटला! ग... प्पी... दास! मादी होती रे, म्हणून मी फसले. दरवर्षी थंडी पडली की डोंगर ओलांडून येतो तोच गप्पीदास पक्षी, ज्याच्यावरून तुझ्या अखंड बडबडीला त्यांनी हे नाव दिलं. मी तर ओरडून नाचलेच! बाहेर दुकानात चष्म्याचा नंबर काढायला बसलेल्या बाई तो जाडजूड तपासणीचा चष्मा नाकावर तसाच ठेवून आत धावल्या आणि दाराच्या चौकटीवर आपटल्या. त्यावर बाबा हसलेसुद्धा!

पण पत्र लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीसाठी. बाई गेल्यावर बाबा पुन्हा म्हणाले, गप्पीदास. मग एकेक अक्षर ढकलत, कधी... येणार? मी म्हटलं, अहो बाबा, आलाय की, तो काय शेंड्यावर! तर असे चिडले म्हणून सांगू, तिरचिमणी म्हटल्यावर चिडले होते अगदी तसेच. मग माझ्या लक्षात आलं, ते खिडकीकडे बघतच नव्हते. दाराकडे बघत होते. एका सकाळीत मी दुसऱ्यांदा ओळखायला चुकले रे. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तू ये आणि दे.

तुझीच,
दुर्बीण लावूनही चुकणारी ताई