वाईटपणा माझ्या नावावर

मी, दमयंती जानू तांडेल, वय सदुसष्ट, धंदा मासळीविक्री, राहणार सारसोळे गाव, नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कुणी धाक घातलेला नाही. घालायला घरात माझ्याशिवाय कुणी नाहीच.

१. सारसोळ्यातलं राहतं घर माझा मुलगा हितेश याला. तो बायको उत्कर्षा आणि मुलगी मिताली यांच्यासह कामोठ्याला राहतो. घर बिल्डरला द्यायचं तर खुशाल द्यावं, फक्त मी गेल्यावर.

२. मार्केटातला ओटा, कोयता, पाट्या आणि बर्फाची पेटी माझी मैत्रीण सगुणा हिला. मृत्युपत्रातून काही घेणाऱ्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये असं वकिलांनी सांगितल्यामुळे ती रुसली आहे. शेजारच्या ओट्यावरच्या जाईने कायम माझी गिऱ्हाइकं हाका मारून पळवली. तिच्याशी माझं भांडण सगुणाने पुढे चालवावं.

३. सोन्याच्या पाटल्या सून उत्कर्षा हिला. तिचा माझ्यावर राग आहे. मिताली चार वर्षांची असताना तिच्या पोटात नसांचा कॅन्सर निघाला, लहान मुलांनाच होणारा, तोही क्वचित. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग डॉक्टरांनी एक औषध शिरेतून थेंबाथेंबाने द्यायला घेतलं. ते कॅन्सरच्या पेशी खुणेवरून ओळखतं, पण चांगल्या नसांवरही तीच खूण असते, म्हणून औषध चालू असताना अंग ठणकून निघतं. मॉर्फिन देऊनही पोर तळमळायची. औषधासाठी छातीत बसवलेली नळी तिने ओढू नये म्हणून हात धरून बसावं लागे, आणि खोलीत घरच्या एकालाच राहायची मुभा होती.

हितेश दारातूनच मागे फिरला. उत्कर्षा साताऱ्याकडची, माझ्यासारखीच हट्टी. म्हणाली, "आई, मी आई हाय तिची. मला बसू द्या की." मी तिला बाजूला सारून आत गेले. कुणाला तरी वाईटपणा घ्यावाच लागणार होता. आईने घेतला असता तर पोरीला आई उरली नसती. आजीवाचून पोरं वाढतात. दर वेळी मीच बसले. "आजी, सोड ना गं!" असं ती ओरडायची. जिवंत मासळी धरणारे हात आहेत हे. मी सोडलं नाही.

औषधाचा गुण आला. मिताली आता आठ वर्षांची आहे, शाळेत जाते. मला बघितलं की आईमागे लपते. गेल्या नारळी पुनवेला मी नारळाच्या वड्या घेऊन कामोठ्याला गेले, तर पोर बाथरूमची कडी लावून बसली. डबा सोफ्यावर ठेवून निघाले, तेव्हापासून गेले नाही. फार एकटं वाटतं. वकील म्हणतात, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. पण त्यांची फी मी देते आहे.

सगुणा म्हणते, "अगो, पोरीला सांगून टाक ना. मनान ठेवून काय मिलनार हाय?" नको. उपकार ऐकवले की पोरीवर ओझं होतं. हितेश-उत्कर्षानेही तिला सांगू नये. उत्कर्षाला मात्र कळावं, की तिच्या लेकीच्या मनातली तिची जागा मी राखली.

४. बँकेतली ठेव मितालीच्या नावे, तिच्या पुढच्या तपासण्यांसाठी, आणि उरेल ते तिच्या मर्जीने. अट कोणतीही नाही. तिने माझा फोटो लावायचीही गरज नाही.

५. आमच्यात नातवंडं शेवटचं पाणी मुखात घालतात. मितालीला त्यासाठी पुढे करू नये. दारात थांबली तर थांबू द्यावं, पळाली तर पळू द्यावं. आपण होऊन जवळ आली तर येऊ द्यावं. पण कुणीही तिचा हात धरायचा नाही.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. एक शब्दही बदलायचा नाही, म्हणून सही करते.

सही: दमयंती जानू तांडेल

साक्षीदार:
१. गोजरा पांडुरंग भोईर, सारसोळे (सही)
२. श्रुती विलास शेवाळे, नेरूळ, वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट (सही)

ठिकाण: नेरूळ, नवी मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५